किरणांचे हात आणि घरातील राजकुटुंब : बर्लिन संग्रहालयातील अमार्नाकालीन चुनखडी-शिल्पाचे समीक्षात्मक वाचन

सारांश

बर्लिनच्या इजिप्शियन संग्रहालयातील १४१४५ क्रमांकाचे चुनखडीतील उत्थित शिल्प 'आखेनातेनचे कुटुंब' या नावाने कलेतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत भेटते. राजाराणी आणि त्यांच्या तीन मुली यांच्यातील जिव्हाळ्याचे चित्र म्हणून त्याची वाखाणणी होते. दुसऱ्या बाजूने तो राजसत्तेचा धार्मिक प्रचार आहे, असेही प्रतिपादन केले जाते. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाचनांची तपासणी केली आहे. शिल्पातील हातांची व दृष्टींची रचना पाहता वात्सल्य हाच येथे धर्मविचाराचा आशय झाला आहे आणि म्हणूनच ते वात्सल्य चौकटीबाहेरच्या माणसाला वगळणारे आहे, असा या लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : अमार्ना कला, उत्थित शिल्प, आतेन, गृहवेदी, संग्रहालय, मूळस्थान.

१. प्रस्तावना

प्राचीन इजिप्तच्या कलेविषयी आपल्या वर्गांतून जे शिकविले जाते त्याचा सांगाडा ठरलेला असतो. तीन हजार वर्षे न बदललेली कला, कडक नियम, बाजूने दाखविलेला चेहरा आणि समोरून दाखविलेले खांदे. आणि मध्येच एक अपवाद, तो म्हणजे अमार्ना. अठराव्या राजवंशातील चौथा आमेनहोतेप इ. स. पू. १३५३ च्या सुमारास गादीवर आला. कारकिर्दीच्या पाचव्या वर्षाच्या आसपास त्याने आखेनातेन हे नाव धारण केले, परंपरागत देवांना बाजूस सारून आतेन या सूर्यबिंबाची उपासना प्रतिष्ठित केली आणि नाईलच्या पूर्वतीरावर नवी राजधानी वसविली. तिचे अवशेष आज तेल एल-अमार्ना येथे आहेत. सुमारे सतरा वर्षांच्या या कारकिर्दीतील कलेला 'वास्तववादी', 'मानवी', 'कौटुंबिक' अशी विशेषणे लावण्याचा प्रघात आहे. या विशेषणांच्या समर्थनार्थ जी चित्रे पुस्तकांत छापली जातात, त्यांत प्रस्तुत शिल्पाला अग्रस्थान असते.

विशेषण एकदा रूढ झाले की वस्तू पाहण्याची गरज उरत नाही. हे शिल्प म्हणजे 'सुखी कुटुंब' असे विद्यार्थ्याला सांगितले की तोही ते तसेच पाहतो. म्हणून प्रथम वस्तूकडे आणि नंतर तिच्या विशेषणांकडे जाणे, हा क्रम येथे स्वीकारला आहे.

२. शिल्पवस्तू

हा चुनखडीचा पट्ट जेमतेम एक फूट उंच आणि त्याहून थोडा अधिक रुंद आहे. छायाचित्रांतून तो भिंतीएवढा भासतो; प्रत्यक्षात दोन हातांत उचलता यावा एवढाच आहे. त्याचा आकार हा त्याच्या अर्थाचा भाग आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

शिल्पतंत्र खोलगट उत्थित प्रकारचे आहे. नेहमीच्या उत्थित शिल्पात आकृतींभोवतीचा दगड काढून आकृती वर आणतात. येथे पार्श्वभूमी तशीच ठेवून आकृतीची कडा आत खोल कापली जाते आणि कोरलेला उठाव त्या खोलीतच राहतो. प्रखर उन्हात अशा कडांच्या सावल्या गडद पडतात व रेषा स्पष्ट दिसते. त्यामुळे इजिप्तमध्ये हे तंत्र प्रामुख्याने देवळांच्या बाहेरील, उन्हातील भिंतींसाठी वापरले जाई. अमार्नाकाळात मात्र त्याचा वापर सर्रास झाला. ज्या धर्माची देवळेच उघड्या आकाशाखाली होती, त्या धर्माला प्रकाशावाचून न वाचता येणारे तंत्र जवळचे वाटावे, यात नवल नाही.

पट्टाच्या माथ्यावर मध्यभागी सूर्यबिंब आहे. त्यापासून निघालेल्या किरणांच्या टोकांना हात आहेत. डाव्या बाजूस निळा मुकुट घातलेला आखेनातेन आणि उजव्या बाजूस माथा सपाट असलेला उंच मुकुट घातलेली नेफरतिती, असे दोघे आसनांवर समोरासमोर बसले आहेत. थोरली मुलगी मेरितातेन हिला राजाने उचलून धरले आहे व तो तिचे चुंबन घेत आहे. दुसरी, मेकेतातेन, आईच्या मांडीवर आहे. तिसरी, आंखेसेनपाआतेन, आईच्या खांद्याशी बिलगून तिच्या मुकुटावरून लोंबणाऱ्या नागालंकाराशी खेळत आहे. पुढे या दांपत्याच्या मुलींची संख्या सहा झाली. येथे तिघीच आहेत, त्यावरून शिल्प कारकिर्दीच्या पूर्वार्धाकडचे ठरते.

दोन तपशील सहज नजरेतून निसटतात. पहिला आसनांचा. राणीच्या आसनावर वरच्या व खालच्या इजिप्तच्या एकीकरणाचे चिन्ह कोरलेले आहे. परंपरेने ते राजाच्या सिंहासनाचे चिन्ह होय. राजाचे आसन मात्र साधे आहे. दुसरा तपशील किरणांच्या हातांचा. यांपैकी काही हातांत 'आंख' हे जीवनचिन्ह आहे आणि ते राजा व राणी यांच्याच नाकाशी धरलेले आहे. मुलींच्या वाट्याला ते आलेले नाही.

३. 'कौटुंबिक' वाचन आणि त्याच्या मर्यादा

आखेनातेनविषयीच्या आधुनिक लेखनात सहानुभूतीचा सूर प्रथमपासून आहे. अमेरिकन इतिहासकार जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी त्याला इतिहासातील पहिली 'व्यक्ती' ठरविले. आर्थर वायगल यांनी १९१० साली लिहिलेल्या चरित्रात त्याला शांतताप्रिय, कुटुंबवत्सल, जवळजवळ ख्रिस्ती धर्माचा पूर्वसूरी वाटावा अशा रूपात उभे केले. १९३९ मध्ये फ्रॉइड यांनी मोझेसच्या एकेश्वरवादाचे मूळ त्याच्यात शोधले. प्रत्येक पिढीने आखेनातेनमध्ये आपलाच चेहरा कसा पाहिला, याचा चिकित्सक आढावा डॉमिनिक मॉन्टसेराट यांनी २००० साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात घेतला आहे. 'सुखी कुटुंब' हे वाचन त्याच मालिकेतील होय. राजा मुलीचा मुका घेतो, म्हणजे तो प्रेमळ पिता. तसे कोरण्याची परवानगी देतो, म्हणजे तो सत्यप्रिय, असा हा तर्क आहे.

या तर्कातील दोष दोन. एक म्हणजे, या आकृती 'वास्तव' नाहीत. मुलींची मागे लांबट गेलेली डोकी, बारीक माना, पुढे आलेली पोटे ही राजा, राणी व मुली या सर्वांत सारख्याच प्रमाणात आढळतात. कुटुंबातील प्रत्येकाचे शरीर एकाच सूत्रात बसविले आहे, त्यास शैली म्हणावे लागते. चित्रावरून राजाच्या आजाराचे निदान करण्याचे प्रयत्नही याच कारणासाठी दुबळे ठरतात. मुली बालक म्हणूनही वास्तव नाहीत. त्या लहान मापाच्या प्रौढ स्त्रिया आहेत.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. इजिप्शियन कलेत शारीरिक जवळीक अमार्नापूर्वी नव्हती, हे गृहीतच चूक आहे. देवळांच्या भिंतींवर देव राजाला आलिंगन देतो, देवी त्याला स्तनपान करविते, देव स्वतःच्या हाताने त्याच्या नाकाशी जीवनचिन्ह धरतो. स्पर्श होता, तो देव आणि राजा यांच्यामध्ये होता. आखेनातेनने मानवाकृती देव नाहीसे केले. आतेन हे बिंब आहे. त्याला बाहू नाहीत, मांडी नाही, ओठ नाहीत. मग त्या परंपरागत स्पर्शाचे काय झाले? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे दोन वाटे झाले. जीवनचिन्ह देण्याचे काम किरणांच्या टोकांना फुटलेल्या हातांकडे गेले, आणि आलिंगन, चुंबन, मांडीवर घेणे हे सारे राजकुटुंबाच्या आतच स्थिरावले. तेव्हा या शिल्पातील वात्सल्य हे राजवाड्यातील एखाद्या दुपारचे टिपण नसून देवळाच्या भिंतीवरून स्थलांतरित झालेले वात्सल्य आहे.

४. प्रचार की पूजा?

भावुक वाचनाची प्रतिक्रिया म्हणून दुसरे टोक गाठले जाते : हा सारा राजसत्तेचा प्रचार आहे. यात तथ्य आहे. सालिमा इक्राम यांनी १९८९ मधील आपल्या लेखात अमार्नातील घरगुती देवस्थाने आणि राजकुटुंबाची उपासना यांचा संबंध तपशिलाने मांडला. मोठ्या हवेल्यांच्या बागांत छोटी मंदिरे होती, घरांत वेदी होत्या आणि त्यांत राजकुटुंबाच्या प्रतिमा असत. सूर्यदेवापासून शू आणि तेफनुत हे पहिले जोडपे उत्पन्न झाले, ही इजिप्तची जुनी सृष्टिकथा. आखेनातेन व नेफरतिती यांची योजना त्या जोडप्याच्या जागी झालेली दिसते. आतेन, राजा आणि राणी ही नवी त्रिमूर्ती ठरली. आतेनच्या महास्तोत्राचा शेवटही याच दिशेचा आहे : देवाला जाणणारा एकटा त्याचा पुत्र, म्हणजे राजा. सामान्य माणसाला देवाकडे जाण्याची वाट राजाच्या अंगणातून होती.

तथापि 'प्रचार' हा शब्द उच्चारला की शिल्प पुन्हा एकदा पाहावयाचे राहून जाते. प्रचार कोणत्याही आकृतीने करता आला असता. शत्रूला केस धरून झोडपणारा राजा हे त्याचे हुकमी चित्र इजिप्तजवळ दीड हजार वर्षांहून अधिक काळ होतेच. येथे चुंबनच का निवडले गेले, या प्रश्नाचे उत्तर 'प्रचार' या शब्दात नाही. ते शिल्पाच्या रचनेत शोधावे लागते.

शिल्पातील हात मोजत गेल्यास एक साखळी दिसू लागते. बिंबाचे हात राजाराणीच्या नाकाशी प्राण धरतात. राजाराणीचे हात मुलींना धरतात. मुलींचे हात काय करतात? मेरितातेन बापाच्या हातांत असताना आईकडे बोट दाखविते. मेकेतातेन आईच्या मांडीवरून तिच्याकडे वळून पाहते आणि बापाकडे बोट दाखविते. राजा आणि राणी यांच्यामध्ये बिंबाखाली मोकळी जागा आहे. त्या दोघांचा एकमेकांना कोठेही स्पर्श नाही. ही जागा केवळ दोन गोष्टी ओलांडतात : वरून किरण आणि खालून मुलींची बोटे. धाकटीचा हात तेवढा या व्यवहारातून सुटलेला आहे. ती आईच्या मुकुटाशी, म्हणजे राजचिन्हाशीच खेळते.

अशा रीतीने प्राण वरून येतो, आईबापांत उतरतो, स्पर्शाने मुलींपर्यंत पोचतो आणि मुलींच्या बोटांतून पुन्हा दुसऱ्या पालकाकडे वळतो. वर्तुळ पूर्ण होते. मुलींना आंखचिन्ह का नाही, याचा उलगडाही येथे होतो : त्यांना जीवन बिंबाकडून थेट नव्हे, आईबापांच्या हातून मिळते. जे काम धर्मग्रंथ शब्दांनी करतो ते येथे मुका आणि मांडी यांनी केले आहे. म्हणून 'प्रेम की प्रचार' हा पर्यायच चुकीचा आहे. या शिल्पात प्रेम हे धर्मविचाराचे आवरण नाही. ते त्याचे विधान आहे.

५. 'देव्हारा' या शब्दाविषयी

जर्मन विद्वानांनी अशा पट्टांना 'गृहवेदी' म्हटले. मराठीत त्याचे सहज भाषांतर 'देव्हारा' असे होईल, आणि वर्गात ते उपयोगीही पडते. पण या शब्दाबरोबर आपण नकळत एक संपूर्ण भक्तिव्यवहार आयात करतो, याचे भान असणे आवश्यक आहे. आपल्या देव्हाऱ्यातील मूर्ती भक्ताकडे तोंड करून असते. तिचे डोळे समोर असतात. दर्शन घेणे म्हणजे पाहणे आणि पाहिले जाणे असा दुहेरी व्यवहार असतो. बर्लिनच्या पट्टातील एकही डोळा पाहणाऱ्याकडे वळलेला नाही. पाचही व्यक्ती एकमेकांकडे किंवा एकमेकांच्या अलंकारांकडे पाहतात. त्यांच्यापुढे बसलेल्या माणसाची दखल शिल्पात कोठेही घेतलेली नाही. इजिप्शियन उत्थित शिल्पात चेहरे बाजूनेच दाखविले जातात, हा संकेत खरा. परंतु संकेत जुना असला तरी त्याचा येथील परिणाम नवा आहे. देवळाच्या भिंतीवर राजा देवापुढे उभा असतो आणि प्रजा बाहेर असते. येथे प्रजेच्याच घरात, तिच्या हाताएवढ्या अंतरावर, राजकुटुंब तिच्याकडे न पाहता बसलेले आहे. आकार जवळ बोलावतो, दृष्टी दूर ठेवते. हा ताण या लहानशा दगडाचे खरे सामर्थ्य होय.

शिवाय या पट्टांची मालकी कोणाची, हाही प्रश्न आहे. ते प्रामुख्याने अधिकारी वर्गाच्या घरांशी निगडित दिसतात. ॲना स्टीव्हन्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमार्नातील खासगी धर्माच्या अभ्यासातून स्पष्ट होते की, त्याच शहरात बेस आणि तावेरेत या घरगुती देवतांच्या लहान प्रतिमाही लोक बाळगून होते. कामकऱ्यांच्या वस्तीत तर भिंतींवर त्यांची चित्रे होती. बाळंतपण आणि लेकरे सांभाळणाऱ्या या देवता होत. म्हणजे राजाच्या मुलींचे चित्र घरात आले तरी आपल्या मुलांसाठी लोक जुन्या देवांनाच साकडे घालीत राहिले.

६. हरवलेले मूळस्थान आणि १९१३ ची वाटणी

आतापर्यंतच्या विवेचनात एक कच्चा दुवा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. बर्लिनचा हा पट्ट शास्त्रीय उत्खननात मिळालेला नाही. तो पुराणवस्तूंच्या बाजारातून संग्रहालयात आला. तो कोणत्या घरात, कोणत्या भिंतीशी उभा होता, याची नोंद नाही. त्याला गृहवेदी म्हणण्याचा आधार त्याच्यासारख्या दुसऱ्या वस्तूंतून येतो. त्यांतील प्रमुख पट्ट लुडविग बोरखार्ट यांच्या नेतृत्वाखालील जर्मन ओरिएंट सोसायटीच्या अमार्ना उत्खननात १९१२ साली एका घरात मिळाला. त्यातही राजाराणी समोरासमोर आहेत. राजा थोरल्या मुलीला कर्णभूषण देत आहे आणि धाकट्या दोघी आईजवळ आहेत.

त्याच हंगामात, ६ डिसेंबर १९१२ रोजी, तुथमोस या शिल्पकाराच्या कार्यशाळेत नेफरतितीचा जगप्रसिद्ध अर्धपुतळा सापडला. तत्कालीन नियमानुसार सापडलेल्या वस्तूंचे दोन भाग करावयाचे आणि इजिप्तच्या पुराणवस्तू खात्याच्या प्रतिनिधीने त्यांतील एक निवडावयाचा, अशी पद्धत होती. २० जानेवारी १९१३ रोजी गुस्ताव लफेव्र यांनी ही वाटणी मान्य केली. एका भागात मुख्य वस्तू म्हणून राजकुटुंबाचा पट्ट होता, दुसऱ्या भागात अर्धपुतळा. पट्ट कैरोकडे गेला आणि अर्धपुतळा बर्लिनकडे. त्या वाटणीच्या न्याय्यतेविषयीचा वाद शंभर वर्षांनंतरही शमलेला नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. ज्या पट्टाचे घर ठाऊक आहे तो कैरोच्या वाट्याला गेला आणि ज्याचे घर ठाऊक नाही तो बर्लिनमध्ये आधीपासून होता. जगभरच्या पुस्तकांत मात्र अधिक छापला जातो तो बर्लिनचा, म्हणजे संदर्भ तुटलेला पट्ट. संदर्भ तुटलेली वस्तू 'कलाकृती' म्हणून पाहणे सोपे असते. काचेच्या पेटीत, नेमक्या कोनातून सोडलेल्या प्रकाशात, घर, वेदी, नैवेद्य, धूप यांच्यावाचून उरते ते केवळ एक कुटुंब. 'सुखी कुटुंब' या वाचनाला वायगल यांच्याइतकाच पुराणवस्तूंचा बाजारही जबाबदार आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

७. चौकटीबाहेरची मुले

या शिल्पाचा शेवटचा संदर्भ अमार्नाच्या वाळूत अलीकडे उघड झाला. २००६ ते २०१३ या काळात शहराच्या दक्षिणेकडील सामान्य जनांच्या दफनभूमीचे उत्खनन झाले. तेथील सांगाड्यांत अकाली मृत्यू, खुंटलेली वाढ, कुपोषणाच्या खुणा आणि अवजड ओझ्यांमुळे पाठीच्या कण्याला झालेल्या इजा मोठ्या प्रमाणावर आढळल्या. पुढे उत्तरेकडील दगडाच्या खाणींजवळच्या दफनभूमीत २०१५ व २०१७ मध्ये काम झाले. तेथील बहुसंख्य सांगाडे मुलांचे आणि पंचविशीच्या आतील तरुणांचे निघाले. पुष्कळांचे दफन साधे, काही ठिकाणी एकाच खड्ड्यात एकाहून अधिक जणांचे. ही मुले मजूर म्हणून राबविली गेली असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. नवी राजधानी कमीत कमी वेळात उभी करण्यासाठी चुनखडीचे लहान, एका माणसाला वाहता येतील असे ठोकळे कापले जात. ते वाहणारी माणसे कोण होती, याचे उत्तर या हाडांनी सुचविले आहे.

ही माहिती शिल्पावर बाहेरून लादलेली नैतिक टिप्पणी समजू नये. शिल्पातील वर्तुळ बंद आहे, हे आपण रचनेवरूनच पाहिले. किरणांचे हात कोणापर्यंत पोचतात आणि कोठे थांबतात, हे शिल्पकाराने स्पष्ट कोरून ठेवले आहे. त्या वर्तुळाबाहेरच्या मुलांचे काय झाले, एवढेच दफनभूमी सांगते.

राजाच्या मुलींनाही त्या हातांनी राखले नाही. आईच्या मांडीवरून बापाकडे बोट दाखविणारी मेकेतातेन लहानपणीच वारली. अमार्नातील राजकीय थडग्यात तिच्या पार्थिवापुढे शोक करणारे राजाराणी कोरलेले आहेत. मुलीचा मुका घेणारा राजा आणि मुलीपुढे रडणारा राजा, ही दोन्ही चित्रे एकाच कलेने, एकाच हेतूने निर्माण केली. दुःखही उघडपणे दाखविणारी ही कला केवळ 'सुख' विकणारी नव्हती, हे येथे नोंदविणे न्यायाचे होईल. मुकुटाशी खेळणारी आंखेसेनपाआतेन पुढे तुतांखामेनची राणी झाली. पुढे तिच्या नावातला आतेन जाऊन आमेन आला.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काढता येणारे निष्कर्ष असे. या शिल्पातील जिव्हाळा खोटा नाही आणि तो खासगीही नाही. देव व राजा यांच्यातील जुना स्पर्श येथे आईबाप व मुली यांच्यात उतरला आहे आणि त्यालाच जीवनदानाचा मार्ग ठरविले आहे. हातांची साखळी आणि परस्परांत गुंतलेल्या नजरा हा मार्ग राजकुटुंबाच्या आत बंद करतात. पट्टाचा लहान आकार मात्र त्याला प्रजेच्या घरात नेऊन ठेवतो. 'कौटुंबिक' हे विशेषण वापरावयाचेच असेल तर ते या अर्थाने वापरावे.

अध्यापकांसाठी यातून निघणारा व्यावहारिक मुद्दा साधा आहे. पुस्तकातील छायाचित्राखालचे विशेषण झाकून ठेवावे आणि विद्यार्थ्यांना हात मोजावयास सांगावे : कोणाचा हात कोणापर्यंत पोचतो आणि कोणापर्यंत पोचत नाही. हा प्रश्न अमार्नापुरता मर्यादित नाही. सत्ताधाऱ्यांच्या घरातील प्रेमाची चित्रे आजही घरोघर पोचतात, आणि त्यांत मूल कडेवर असतेच.